वाघाची शेपटी

संकेतस्थळ रात्री अकराच्या सुमारास चालू केलं आणि सकाळी सातला अहेरीहून मामेभावाचा फोन. "दादा, तुझ्या वाघाची शेपटी कुठं गेली? तोंडबी अर्धंच दिसून राहिलं."

माझ्या लेखी तो दहा वर्षांतला सगळ्यात चांगला फोटो होता. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गोंडकाळातले दगडी खांब उभे आहेत. त्यातल्या एका खांबामागून वाघ आडवा चालत निघाला होता. फोटोच्या डाव्या टोकाला खांब आणि त्याला अजून चिकटलेलं शेपटीचं टोक, उजव्या टोकाला तोंड, मध्ये उन्हाळ्यातलं पिवळं गवत आणि वाघाचा लांबच लांब देह. फोटोचा जीव त्या लांबीतच होता. संकेतस्थळाने दोन्ही टोकं छाटून पोट तेवढं ठेवलं होतं.

चूक माझीच. फोटोंच्या दालनासाठी मी तयार साचा घेतला आणि त्यात चौकोनी जाळी निवडली. का, तर ती नीटनेटकी दिसत होती, नवीन घरात फरशी बसवल्यासारखी. साच्याच्या नमुन्यात दुसऱ्याच कुणाचे फोटो होते: कॉफीचे कप, समुद्र, एक मांजर. प्रत्येक वस्तू बरोबर मधोमध. साडी पुतळ्याच्या अंगावर बघून घ्यावी आणि घरी आल्यावर आरशासमोर उभं राहावं, तसं झालं माझं. साचा बघताना आपण आपले फोटो बघतच नसतो.

चौकोन नेमकं किती खातो, याचा हिशेब एकदा करून ठेवला की पुढचं सोपं जातं. बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेऱ्यांची चौकट ३:२ असते. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची ३६ बाय २४ मिलिमीटरची चौकट होती, तिचाच हा वारसा. या आडव्या फोटोतून मधला चौकोन कापला तर उरतो दोन तृतीयांश, म्हणजे डावीकडून एक षष्ठांश आणि उजवीकडून एक षष्ठांश जातो. मोबाईलची चौकट बहुधा ४:३. उभ्या मोबाईल-फोटोचा चौकोन केला की वरून आणि खालून एकेक अष्टमांश जातो, त्यामुळे माणसांच्या फोटोत बहुतेक वेळा आभाळ आणि पायच तेवढे जातात. आणि नदीचा चारपट रुंद पॅनोरमा चौकोनात घातला तर पाऊण फोटो गेला. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा अशा तीन नद्या भेटतात. माझ्या चौकोनात त्यातली एकच दिसत होती, तीही कोणती ते मलाच ओळखू येईना.

चौकोनाशी माझं वैर नाही. १२० च्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो काढणारे स्टुडिओवाले चौकोनातच बघायचे. माणूस कुठे बसवायचा हे बटण दाबण्याआधी ठरायचं. २०१० साली इन्स्टाग्राम आलं तेही चौकोनच घेऊन. आडवे-उभे फोटो त्यावर चालायला २०१५ उजाडलं आणि प्रोफाइलच्या पानावरची चौकोनी जाळी तर २०२५ च्या सुरुवातीला उभट झाली. चौकोनात बघून काढलेला फोटो आणि काढून झाल्यावर चौकोनात कोंबलेला फोटो यांत फरक आहे. माझे सगळे दुसऱ्या जातीचे.

म्हणून मग साचा बाजूला ठेवला आणि फोटोंचे ढीग केले. खरेखुरे ढीग. चार बाय सहाच्या स्वस्तातल्या प्रती छापून आणल्या आणि बैठकीच्या खोलीत सतरंजीवर पसरल्या. संगणकाच्या पडद्यावर हे काम होतं, पण नीट होत नाही. तिथे प्रत्येक फोटो आधीच कुठल्यातरी मांडणीत बसलेला असतो.

पहिला ढीग आडव्यांचा, आणि तो जवळजवळ सगळा ताडोब्याचा. त्याला कारण आहे. ताडोब्याच्या सफारीत मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, त्यामुळे फोटो येतात ते कॅमेऱ्याचेच. आणि जिप्सीत बसलेला माणूस कॅमेरा सहसा उभा धरत नाही. प्राणीही बहुतेक आडवेच. गवा आडवा, रानकुत्र्यांची टोळी आडवी, तलावात पडलेली मगर तर विचारूच नका. दुसरा ढीग उभ्यांचा: चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंड्याची वैनगंगेकाठची देवळं, त्यांवरची शिल्पं, कोपऱ्याकोपऱ्याने वर चढत जाणारी शिखरं; सिरोंच्याकडचे सागाचे सरळ बुंधे; आणि मोबाईलवर काढलेली सगळी माणसं. तिसरा ढीग छोटा, पाच-सहा पॅनोरमांचा, कुठेच न मावणाऱ्यांचा.

ढीग बघितल्यावर मला उमगलं की मांडणी म्हणजे वाटणी आहे. पडद्याची जमीन ठरलेली, वाटेकरी अनेक, आणि प्रत्येक पद्धतीत कुणा एकाला दुप्पट हिस्सा जातो. न कापता फोटो मांडायच्या दोन मुख्य पद्धती आहेत, ओळींची आणि रकान्यांची. नमुन्यात दोन्ही सारख्याच छान दिसतात.

ओळींच्या पद्धतीत एका ओळीतल्या सगळ्या फोटोंची उंची सारखी ठेवतात आणि रुंदी ज्याच्या त्याच्या प्रमाणात. ओळ दोन्ही कडांना टेकते, छापील मजकूर टेकतो तशी. फ्लिकरवर ही पद्धत पुष्कळांनी पाहिली असेल. मागचं गणित पाचवीतल्या मुलालाही जमेल. प्रत्येक फोटोची रुंदी भागिले उंची काढायची. ३:२ च्या आडव्याचे दीड, ३:४ च्या उभ्याचे पाऊण. समजा ओळीत आडवा, उभा, आडवा असे तिघे आहेत. बेरीज पावणेचार. पडद्याची रुंदी १२०० पिक्सेल. भागिले पावणेचार, म्हणजे उंची ३२०. मग आडवे ४८० रुंद, मधला उभा २४० रुंद, ओळ बरोबर भरली. फटींचा हिशेब सोडून दिला आहे, तो संगणक करतो.

रकान्यांच्या पद्धतीत उलट. वर्तमानपत्रासारखे सारख्या रुंदीचे रकाने, त्यांत फोटो एकाखाली एक, आणि उंची ज्याची त्याची. २०१० मध्ये आलेल्या पिंटरेस्टने ही मांडणी घराघरात नेली. रकाना ३०० पिक्सेलचा असेल तर ३:२ चा आडवा फोटो ३०० बाय २०० होतो आणि ३:४ चा उभा ३०० बाय ४००.

आता क्षेत्रफळं मांडू. ओळीत आडव्याला ४८० गुणिले ३२०, म्हणजे १,५३,६०० पिक्सेल मिळाले आणि उभ्याला २४० गुणिले ३२०, म्हणजे ७६,८००. आडवा बरोबर दुप्पट. रकान्यात आडव्याला ६०,००० आणि उभ्याला १,२०,०००. इथे उभा दुप्पट. तेच दोन फोटो, तोच पडदा. एकीकडे वाघ मोठा आणि देऊळ बारीक, दुसरीकडे देवळाला सात-बारा आणि वाघ कुळाच्या जागी.

म्हणून ताडोब्याचं दालन ओळींत गेलं, मार्कंड्याचं रकान्यांत. एकाच संकेतस्थळावर दोन दालनांची मांडणी वेगळी असली तर कुणी दंड करत नाही. सगळीकडे एकच मांडणी हवी हा आग्रह बहुधा साचे विकणाऱ्यांच्या सोयीचा असावा.

रकान्यांची एक खोड मात्र सांगायला हवी. पहिल्या फोटोनंतर दुसरा कोणता, उजवीकडचा की खालचा? बघणाऱ्याला कळत नाही, आणि काही साच्यांत बनवणाऱ्यालाही. मार्कंड्याच्या शिल्पांना याने फरक पडत नाही. देवळाभोवती फिरताना तरी आपण कुठे क्रमाने बघतो. पण जिथे आधी-नंतर आहे, तिथे रकाने घालू नयेत. मी मोहफुलांचे फोटो रकान्यांत घातले होते. त्यात फुलं आधी वाळली आणि मग झाडावरून पडली.

ओळींची खोड फोनवर कळते. ३६० पिक्सेलच्या फोनवर तीच तीन फोटोंची ओळ ९६ पिक्सेल उंचीची होते, पोस्टाचं तिकीट. फोनवर एका ओळीत एकच आडवा ठेवला तर त्याला २४० ची उंची मिळते, आडवा-उभा असे दोन ठेवले तर १६० ची. चांगला साचा पडदा बघून ओळीतले फोटो आपोआप कमी करतो. २०१७ पासून मुख्य ब्राउझरमध्ये सीएसएस ग्रिड आलं, तेव्हापासून पडद्याप्रमाणे चौकटी हलवण्याचं काम सोपं झालं आहे. साचा घेण्याआधी तो संगणकावर नव्हे, आपल्या फोनवर उघडून बघावा, आणि शक्यतो घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर. आमच्याकडचे बघणारे फोनवरच बघतात.

मांडणीच्या आधीचं काम निवडीचं, आणि त्यात मी सगळ्यात कच्चा. कुठलाच फोटो टाकवत नाही. मला शहाणं केलं ते व्याघ्रगणनेच्या एका आकड्याने. २०१८ च्या अखिल भारतीय गणनेत २६,८३८ ठिकाणी स्वयंचलित कॅमेरे लावले होते. त्यांनी ३,४८,५८,६२३ फोटो काढले आणि त्यांत वाघाचे होते ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे फोटोंमागे एक वाघ. उरलेल्यांत बिबटे, हरणं, गुरं, माणसं आणि नुसतंच हलणारं गवत. कॅमेरा सगळं टिपतो, निवड नंतर कुणीतरी बसून करतं. माझ्याकडे ताडोब्याचे चार हजार फोटो होते आणि मी त्यातले सहाशे 'निवडून' चढवले होते. आता चाळीस आहेत. त्यातही पाच काढायचे आहेत, पण ते जाऊ दे.

त्याच गणनेतून एक मांडणीही मिळाली. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे, एकाचे दुसऱ्याला जुळत नाहीत. त्यावरूनच वाघ ओळखतात आणि मोजतात. पण एकाच वाघाचे डाव्या कुशीवरचे पट्टे वेगळे आणि उजव्या कुशीवरचे वेगळे. नुसती डावी कूस दिसली आणि दुसऱ्या दिवशी नुसती उजवी, तर तो एकच वाघ की दोन, हे सांगता येत नाही. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात, एकाच क्षणी दोन्ही कुशी मिळाव्यात म्हणून. माझ्याकडे एका वाघिणीच्या दोन्ही कुशींचे फोटो होते, पण दालनात एक पहिल्या ओळीत आणि दुसरा अकराव्या. जोडी फुटली की दोन्ही फोटो साधे. आता ते शेजारी-शेजारी आहेत आणि लोक खरंच थांबून पट्टे ताडून बघतात.

जोडीची हीच मांडणी चंद्रपूरच्या परकोटाला कामाला आली. गोंड राजांनी बांधलेला हा परकोट झाडाझुडपांनी पार झाकला होता; २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी तो साफ करायला घेतला. माझ्याकडे एका बुरुजाचे आधीचे आणि नंतरचे फोटो होते. मधली दांडी बोटाने सरकवली की आधीचा फोटो जाऊन नंतरचा दिसतो, अशी सोय मिळते. मी ती लावली आणि काढली. दोन्ही फोटो एकाच जागेवरून, एकाच भिंगाने काढलेले असतील तरच ती जमते. माझ्या फोटोंत दांडी सरकवली की बुरूज हात-दोन हात सरकायचा. फोनवर एकाखाली एक ठेवले, झालं.

माणसांच्या फोटोंशी मात्र मी बरेच दिवस झगडलो. भामरागडच्या बाजूच्या एका गावात काढलेले माडिया माणसांचे बारा चेहरे होते. परवानगी घेऊन काढलेले, चांगल्या उजेडातले. ओळींत मांडले, पुसले. चौकोनात मांडले, पुसले. काहीतरी खटकत होतं. पुष्कळ दिवसांनी कळलं की ती मांडणी मी आधी कुठेतरी पाहिली आहे. 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने काढला. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम केय हे त्याचे संपादक. देशभरातल्या जाती-जमातींचे साडेचारशेवर फोटो, आणि खाली त्या लोकांचे गुण-अवगुण सांगणारा मजकूर. सत्तावन्नच्या उठावानंतर राज्यकर्त्यांना आपली प्रजा 'ओळखून' घ्यायची होती, असल्या कामांना त्यातून जोर आला. माणसांचे चेहरे एकाच मापात, एकामागून एक लावले की ते नमुने होतात, संग्रहालयातल्या फुलपाखरांसारखे. फोटो काढणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी मांडणी तसं म्हणते.

बाराही चेहरे काढले. त्याच गावातले मोहफुलं वेचण्याचे फोटो होते, ते घेतले आणि एकाखाली एक, पडद्याच्या पूर्ण रुंदीचे लावले, मध्ये दोन-दोन ओळींचा मजकूर घालून. मार्चअखेरचा उजेड, झाडाखालचा पालापाचोळा साफ केलेला, पहाटे गळलेल्या फुलांचा सडा, टोपल्या घेऊन बसलेल्या बायका आणि पोरं, मग अंगणात वाळत घातलेली फुलं, पिवळट पांढऱ्याची तपकिरी होत गेलेली. बारा चेहऱ्यांपैकी पाच यात आले, पण काम करताना, हातासकट. जागा सगळ्यात जास्त खाणारी आणि साच्यांच्या यादीत सगळ्यात शेवटी असणारी ही मांडणी गोष्ट सांगायला सगळ्यात चांगली. वरून खाली वाचत जायची सवय सगळ्यांना आहे.

आपोआप सरकणाऱ्या फोटोंबद्दल फार लिहीत नाही. लग्नाच्या करिझ्मा अल्बममध्ये नवरदेव गुलाबाच्या पाकळीत आणि नवरी चंद्रात बसवतात, त्याचीच ही चुलत बहीण. नजर फोटोत शिरते न शिरते तोच तो निघून जातो. लावायचंच असेल तर बघणाऱ्याच्या बोटाने सरकेल असं लावावं.

मामेभावाचा दुसरा फोन आला तो वेगळ्या तक्रारीचा. "वाघ पुरा आहे म्हणतोस, पण मले तर पांढरं पानच दिसून राहिलं." तो त्या दिवशी भामरागडला होता. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की जिथला रस्ताच बंद होतो, तिथे नेटवर्कची काय कथा. मी हिशेब केला. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा एक फोटो आठ-नऊ एमबीचा. दालनात तेव्हा साठ फोटो. म्हणजे पाचशे एमबी मी त्या माणसाच्या फोनवर ढकलत होतो, तेही प्रत्येक फोटो जेमतेम बोटाएवढा दाखवायला. मांडणी कितीही देखणी असो, पोचली नाही तर ती पांढरं पानच.

आता प्रत्येक फोटोच्या तीन प्रती आहेत: ४००, १००० आणि १८०० पिक्सेल रुंदीच्या. ब्राउझर पडदा बघून त्यातली एक मागवतो. सगळ्यात छोटी प्रत चाळीस केबीची, म्हणजे साठ फोटोंचं पान अडीच एमबीच्या आत. पडद्याखालचे फोटो तिथवर पोचल्यावरच उतरतात, ही सोय आता ब्राउझरमध्येच आहे. आणखी एक बारीक गोष्ट: प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी पानात आधीच लिहून ठेवायची. मग फोटो यायच्या आधीच त्याची जागा राखलेली असते, पान उड्या मारत नाही. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसंच.

एक गोष्ट मांडणीतली नाही, पण मांडताना आठवायला हवी. मोबाईल, आणि काही कॅमेरेही, फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश लिहून ठेवतात. फोटोत दिसतं फक्त घरटं. फाईलमध्ये तिथे पोचायचा पत्ता असतो. बछड्यांची जागा, घुबडाची ढोली, आणि तुमचं स्वतःचं घरसुद्धा. छोट्या प्रती बनवतानाच ही माहिती पुसायची सोय असते. मी महिना ठेवतो, ठिकाण पुसतो. फोटोखाली 'ताडोबा, मे' एवढं पुरतं. हे शब्दही फोटोखालीच लिहावेत. माऊस नेला की उमटणारी ओळ फोनवर बघणाऱ्याला दिसतच नाही, कारण त्याच्याकडे माऊस नाही.

दालनं कशी जोडायची हा प्रश्न शेवटी आमच्या गावानेच सोडवला. चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आहेत, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर. आणि त्याशिवाय पाच लहान खिडक्या, म्हणजे माणूस पायी जाईल एवढी दारं. मुख्य पानावर मीही चार मोठे फोटो ठेवले: ताडोबा, मार्कंडा, परकोट, मोह. एकेका दरवाज्याची मांडणी आतल्या फोटोंना शोभेल अशी. पॅनोरमा, सुटे फोटो, कुठेच न बसणारं सगळं खालच्या पाच बारीक दुव्यांत, खिडक्यांत.

परकोटाच्या एका खिडकीचं नाव चोर खिडकी आहे. ते मी चोरलं. तिच्यात फसलेले फोटो आहेत, कुठल्याही मांडणीशिवाय, काढले त्या क्रमाने: हललेलं अस्वल, वाघ निघून गेल्यावरचं गवत, पुढे बोट दाखवणारा गाईडचा हात, जिप्सीच्या काचेवरची धूळ. मामेभाऊ म्हणतो, बाकीचं ठीक आहे, पण तो तेच बघतो.